टेकडीचा ताळा

हे मी सांगायचे नाही, असे ठरले होते. टेकडीवरचे टेकडीवरच राहावे असा दंडक आहे, आणि मी तसा शब्दही दिला होता. तरी सांगते. जरा जवळ या, म्हणजे मोठ्याने बोलावे लागणार नाही.

त्या टेकडीवर विसरवारा वाहत असे. त्याला ऋतू नव्हता की वेळ नव्हती. कधी वर्षभर फिरकत नसे, कधी एका आठवड्यात दोनदा येई. तो अंगावरून गेला की डोक्यातले सगळे पुसले जाई. चालणे, खाणे, वाचणे शाबूत राही आणि मोठ्यांच्या जिभेवर आपले नाव तेवढे उरे. पण आपण कुठून निघालो, तोंडातला हा दाणा कुणासाठी नेत होतो, हे काही आठवत नसे. आई पिलाला ओळखत नसे आणि पिलू आईला. राही ते फक्त दगडावर कोरलेले.

म्हणून टेकडीवर सगळे दगडावर होते. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी एक पाटी होती आणि आत राहणाऱ्यांची नावे तिच्यावर होती. माथ्यावर एक मोठा खडक होता. कोणते बीळ भरलेले आणि कोणते रिकामे, हे त्याच्यावर होते. वारा येऊन गेला की ज्याने त्याने आपले नाव शोधत पाट्या वाचाव्यात, नाव सापडेल त्या बिळात शिरावे आणि आत जे असतील त्यांना आपले म्हणावे. बहुतेक वेळा ते आपलेच असत.

पण वारा आला तेव्हा हातात असलेली कामे अर्धीच राहिलेली असत. म्हणून त्यानंतर तपासणी होई. टेकडीचे दप्तरदार निंबाजीराव साळिंदर, आपल्याच पाठीचा एक काटा उपसून, घुशी कारकुनांना मागे घेऊन पहिल्या बिळापासून निघत आणि शेवटच्या बिळापर्यंत एकेक पाटी आतल्या जिवांशी आणि माथ्यावरच्या खडकाशी पडताळत जात. तोवर कुणी चरायला जायचे नाही, कुणी जागचे हलायचे नाही. जुन्या काळी टेकडी लहान होती, तेव्हा तपासणी दुपारपर्यंत आटपे. आता तिला नऊ दिवस लागत. नवव्या दिवशी निंबाजीराव खडकावर चढून म्हणत, "ताळा जमला." मग उपाशी टेकडी जयजयकार करी आणि चरायला पळे.

जिथे ताळा जमत नसे तिथे तो जमवला जाई. एक ससा दोन पाट्यांवर निघाला, तेव्हा त्याने सकाळी एका बिळात आणि दुपारनंतर दुसऱ्या बिळात राहावे असा निकाल झाला. दोन्ही घरांत त्याला पाहुण्यासारखे वागवत आणि दोन्ही घरांत त्याचे जेवण राहून जाई. शेवटी कंटाळून तो दोन्ही पाट्यांवरून उतरला. एका म्हाताऱ्या उंदराचे बीळ खडकावर रिकामे निघाले. खडक चुकत नाही, म्हणून त्या बिळात शेंगांचा साठा भरला. उंदीर शेंगा उकरत कसाबसा बाहेर आला, तोवर तो कोणत्याच बिळाचा उरला नव्हता.

कोणत्याच पाटीवर नसलेल्यांसाठी टेकडीच्या पायथ्याला बेवारस आवार होते. दगडांचे कुंपण, आत झुडपेसुद्धा नाहीत. तिथे नाव चालत नसे. येणाऱ्याला नंबर मिळे. आवारात जाणाऱ्याची नोंद अगदी काटेकोर होई. बाहेर येणाऱ्यासाठी नियमच नव्हता, कारण आजवर कुणी आले नव्हते.

सगुणा चिचुंद्री खालच्या अंगाच्या एका बिळात राहत होती. बिळाला ओल आली, म्हणून तिला वरच्या अंगाला एक बीळ मिळाले आणि ती पिलांना घेऊन हलायला निघाली. हलण्याची रीत खडकावर कोरलेली होती. एक जीव एका वेळी दोन पाट्यांवर दिसता कामा नये. म्हणून आधी जुन्या पाटीवरचे नाव खरवडायचे, मग त्या जिवाला वर न्यायचे, मग नव्या पाटीवर नाव कोरायचे. ते झाले की पुढचा जीव. सगुणेने तसेच केले. चौथ्या पिलाचे नाव खरवडून ती त्याला घेऊन वाटेला लागली होती, तेवढ्यात वारा आला.

वारा गेला. सगुणेने आपले नाव शोधले, ते वरच्या पाटीवर सापडले. तिच्या नावाखाली मैना, धोंडू आणि ठकी अशी तीन नावे होती. आत तीन पिले होती. कारकून आले, त्यांनी तीनदा मोजले आणि ते पुढे गेले. वाटेत एक चिमुकले पिलू बसलेले त्यांना दिसले. त्याला अजून बोलता येत नव्हते. त्यांनी त्याला आवारात नेले आणि त्याच्या पाठीवर सातशे बारा लिहिले.

सगुणेला काहीच ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झालेही नसते. पण चिचुंद्र्यांची एक चालण्याची रीत असते. आई पुढे निघते. पहिले पिलू आईचे शेपूट तोंडात धरते, दुसरे पहिल्याचे, तिसरे दुसऱ्याचे. अशी सगळी रांग एका दोरीसारखी जाते. टेकडी उघडल्यावर सगुणा पिलांना घेऊन चरायला निघाली, तर शेवटची ठकी दर चार पावलांवर थांबे, शेपूट किंचित वर उचले आणि वाट पाहत राही. सगुणेने तिला दटावले. ठकी पुन्हा थांबली. मग सगुणाही थांबली. आपली पाटी ताजी कोरलेली पाहून तिने खडकावर नुकतेच रिकामे झालेले बीळ शोधले, ती एकटीच खालच्या त्या बिळाशी गेली आणि तिथली पाटी तिने जवळून पाहिली. आईच्या नावाची जागा सोडून खाली खरवडल्याच्या खुणा चार होत्या.

दुसऱ्या दिवशी ती पिलांना आवाराच्या कुंपणाजवळून घेऊन गेली. ठकीने शेपूट वर केले. कुंपणाच्या फटीतून एक पिलू सरपटत बाहेर आले आणि त्याने ते शेपूट घट्ट धरले.

कारकुनांनी ते सोडवले. त्याला बराच वेळ लागला. शेपूट धरणे ही नोंद होत नाही, असे सांगून त्यांनी सातशे बाराला आत टाकले, फट बुजवली आणि सगुणेला दप्तरदारांकडे धाडले.

निंबाजीराव वाईट नव्हते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले, मधे एकदा हळहळलेसुद्धा. मग म्हणाले, "सगुणाबाई, तुमच्या पाटीवर तीन आहेत, बिळात तीन आहेत. इतकं छान जुळलंय. चौथं आणलंत तर मी ते कशाशी जुळवू?"

"पण ते माझं आहे, साहेब."

"असेल की. मी कुठं नाही म्हणतोय? पण खरं काय नि खोटं काय, ते हे दप्तर तपासत नाही. जुळतंय की नाही, एवढंच तपासतं."

तरी वाट होती, असे ते म्हणाले. पाटीवर नाव असलेले पिलूच आवारातून सोडता येत होते. आणि बिळात असलेल्या पिलाचेच नाव पाटीवर कोरता येत होते. यांपैकी कोणतेही एक आधी झाले की दुसरे लगेच करून देऊ, असे त्यांनी मनापासून सांगितले.

परतताना सगुणेला एकाच गोष्टीची धास्ती वाटत होती. तिला आज चौथ्या पिलाबद्दल कळले होते. पण ते कळणे फक्त तिच्या डोक्यात होते. उद्या वारा आला की तीन पाटीवर, तीन बिळात, आणि ती सुखाने झोपेल. ठकी शेपूट वर करायचीही एक दिवस विसरेल.

पाटीशिवाय कुठे काही कोरायला मनाई होती. सगुणेने बिळाच्या आतल्या भिंतीवर, झोपायच्या जागेसमोर, दातांनी कोरले: पाटी तीन म्हणते. चार आहेत. चौथे आवारात, नंबर सातशे बारा. आणायचे आहे. अजून आणलेले नाही.

मग रोज ती एकेक गोष्ट करून पाहू लागली. करण्याआधी काय करणार ते भिंतीवर कोरी आणि करून झाले की त्यावर एक रेघ ओढी. कारकुनांना विनवणे, रेघ. कुंपणाची दुसरी फट शोधणे, रेघ. मध्येच एकदा वारा आला. सगुणा जागी झाली, तिने समोरची भिंत वाचली, रेघ नसलेली शेवटची ओळ पाहिली आणि उठून त्या कामाला लागली. ती ओळ आधीच अर्धी झालेली असेल, तर पुन्हा केल्याने काही बिघडत नव्हते. त्या नऊ दिवसांच्या तपासणीत सगळी टेकडी आपण कोण हे कळायची वाट बघत बसली होती. सगुणा पहिल्याच सकाळी कुंपणाशी होती.

त्यामुळेच ती पकडली गेली. निंबाजीराव बेकायदा कोरकामाची चौकशी करायला स्वतः तिच्या बिळात शिरले. भिंत त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. हुशारी त्यांच्यात होती, तिला आजवर कुणी कामाला लावले नव्हते एवढेच. बाहेर आले तेव्हा त्यांचे काटे उभे राहिले होते.

महिन्याभरात टेकडीची महाराणी असलेल्या घोरपडीच्या नावाने नवी पद्धत जाहीर झाली. खडकाशेजारी एक गुळगुळीत शिळा उभी केली आणि तिला संकल्पशिळा म्हणू लागले. टेकडीवर काहीही हलवायचे असेल तर आधी शिळेवर लिहायचे, मग हलवायचे, मग रेघ ओढायची. वारा गेला की फक्त ती शिळा वाचायची. नऊ दिवसांची तपासणी अर्ध्या सकाळवर आली. हे खरोखरच चांगले झाले, ते कबूल करायला हवे. सगुणेला शिळेच्या उद्घाटनाला मागच्या रांगेत बसवले होते. तिने तिथेच उठून विचारले, की माझे काम कधी. निंबाजीरावांनी सगळ्यांसमोर सांगितले, की शिळेवरचा पहिला संकल्प सगुणाबाईंचाच राहील.

शिळेवर लिहिण्याचे काम सोपान माकडाकडे होते, कारण त्याचा हात उंच पोचे. त्याच्याकडे येऊन संकल्प सांगायचा, त्याने तो शिळेवर कोरायचा. पहिल्याच आठवड्यात रांग फार झाली. एवढे कोरायचे तर वेळ लागे, आणि वेळ लागला की लोक बडबडत. म्हणून पहिली सुधारणा झाली: कोण हलले ते कोरायचे नाही, कुठून कुठे किती हलले तेवढेच कोरायचे. पुढच्या वाऱ्यानंतर ताळा चटकन जमला. चाळीसाव्या बिळात पाच हवे होते, पाचच निघाले. तिथल्या सशिणीची चार पिले होती. तिने पाहिले तर शेजारी काटेचुव्याची चार पिले, अंगाला काटे असलेली गोल पोरे, गाढ झोपली होती. तिने हरकत घेतली. तिला बोटांवर पाच मोजून दाखवण्यात आले. ती आता त्यांना सांभाळून कुशीत घेते.

दुसरी सुधारणा सोपानने स्वतःच केली, कुणाला न विचारता. सगुणा रोज त्याच्याकडे जात असे.

"सोपानदादा, सातशे बाराचं कोरलंत का?"

"कोरलं, ताई."

"शिळेवर तर दिसत नाही."

सोपानने गालावर टिचकी मारली. माकडांना गालात साठवायची सवय असते. "इथं आहे. संध्याकाळी सगळे मिळून एकदम कोरतो, म्हणजे हात एकदाच भरतो. कोरल्यासारखंच आहे."

"वारा आला तर?"

"तुम्ही फार वाईट विचार करता बघा," सोपान म्हणाला आणि पुढच्याला बोलावले.

सगुणेने घरी येऊन भिंतीवरच्या 'आणायचे आहे' या ओळीवर रेघ ओढली नाही.

इकडे महाराणी निंबाजीरावांवर इतकी खूश झाली, की माथ्याजवळचे दोन दारांचे, उन्हाचे बीळ तिने त्यांना बक्षीस दिले. निंबाजीराव नियमाचे पक्के. त्यांनी सोपानला आपला संकल्प सांगितला. सोपान म्हणाला, कोरला. त्यांनी स्वतःच्या हाताने दप्तराच्या बिळावरच्या आपल्या जुन्या पाटीवरचे नाव असे स्वच्छ खरवडले, की तिथे कधी कुणी राहत होते हे कळू नये. मग गाठोडे पाठीवर घेऊन ते चढ चढू लागले. वाटेत वारा आला.

कारकुनांनी शिळा वाचली. रेघ नसलेला एकही संकल्प तिच्यावर नव्हता. सोपानच्या गालात काय काय होते ते सोपानलाही आठवत नव्हते. तेव्हा टेकडी स्वच्छ आहे असे जाहीर झाले आणि खडकावर तशी खूण कोरली. वाटेत एक साळिंदर उभे होते. आपले नाव निंबाजीराव आहे, असे ते सांगत होते.

"नाव आहे हो, पण पाटी कुठंय?" कारकून म्हणाला.

साळिंदराने सगळ्या पाट्या वाचल्या. मग खडकावरचा नियम वाचला. नियम त्याला फार नेमका वाटला. त्याने मान डोलावली आणि तो आपणहून आवाराच्या दिशेने चालू लागला. त्याला नऊशे एक नंबर मिळाला. दप्तराच्या पाटीवर तेवढे एक नाव कमी निघाले. ती जागा रिकामी दाखवली, आणि ताळा जमला.

त्या सकाळी सगुणेने आपली भिंत वाचली. अजून आणलेले नाही, असे भिंत सांगत होती. वरच्या सगळ्या रेघा तिने वाचल्या: विनवून झाले होते, फटी शोधून झाल्या होत्या, दप्तर झाले होते, शिळा झाली होती. करून पाहायचे असे एकच उरले होते. तिने ते कोरले आणि मैना, धोंडू, ठकी यांना शेपटाला लावून ती आवाराच्या दारातून सरळ आत शिरली. दारावरच्या घुशीने आत जाणारे चार जीव मोजून घेतले.

आवार भरले होते. टेकडीवर सगळे जुळत गेले होते तसतसे इथे वाढत गेले होते. आता तर बिळांत उरले होते त्यांच्यापेक्षा इथेच जास्त असावेत. सगुणा त्यांच्यामधून चालत राहिली. तिला कुणाचा चेहरा ठाऊक नव्हता. ती फक्त मागे कान देऊन होती. बऱ्याच वेळाने ठकी थांबली, रांगेला हलका हिसका बसला, आणि मग रांग पुन्हा सैल झाली नाही. सगुणेने मागे वळून पाहिले. रांगेत चार पिले होती.

दाराकडे वळताना तिला रांग जड वाटू लागली. सातशे बाराचे शेपूट त्या म्हाताऱ्या उंदराने धरले होते. उंदराचे आणखी कुणीतरी धरले होते, त्याचे आणखी कुणी, आणि त्यांच्या मागे तो दोन घरांचा ससा. सगुणेने कुणालाच नाही म्हटले नाही. एवढेच सांगितले, की पुढच्याचे शेपूट दातांत पक्के बसेपर्यंत आपली जागा सोडू नका.

कुंपणाशी एक साळिंदर खडे मांडून बसले होते. आवारातले डावीकडचे आणि उजवीकडचे जीव सारखे आहेत का, हे ते पाहत होते. रांग जवळून जाऊ लागली तशी ते उठून शेजारून चालू लागले.

"तुम्ही सगळे कोणत्या पाटीवर जाणार? ती आधी ठरली आहे का?"

"आधी धरा," सगुणा म्हणाली. "मग विचारा."

सशाचे शेपूट धरण्याजोगे फारसे नसते. तरी साळिंदराने ते धरले.

दारावरच्या घुशीने बाहेर जाणारी एवढी मोठी रांग पाहिली. तिने नियम आठवून पाहिला. तो नव्हताच. ती बाजूला झाली.

रांग अर्धी दारातून बाहेर आणि अर्धी आत असताना वारा आला.

तो सगळ्यांच्या अंगावरून गेला. सगुणा उभी राहिली. समोर एक चढ होता आणि तो कशासाठी चढायचा हे तिला ठाऊक नव्हते. पण शेपटाला ओढ होती. तिने मागे पाहिले, तर अनोळखी चेहऱ्यांची एक लांब ओळ तिच्याकडे पाहत होती. आपण कुठे आहोत, पुढे कोण आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते, आणि विचारायचे तर तोंड उघडावे लागले असते. कुणी उघडले नाही. पाठीवर नंबर असलेले ते लहानसे पिलूही दात रोवून उभे होते. सगुणेला वाटले, मागे एवढे लागले आहेत म्हणजे आपण त्यांना कुठेतरी नेत असणार. आणि तिने पुढचे पाऊल टाकले. पिले हलली, उंदीर हलला, ससा हलला. फक्त सगळ्यात शेवटी असलेल्या साळिंदराला राहवेना. एवढी मोठी रांग, आणि तिची नोंद कुठेच झालेली दिसत नव्हती. ती कुणाकडे करायची हे विचारण्यासाठी त्याने तोंड उघ—

थांबा, मला हाक आली. हो, आले.